नकाराची विभक्ती

१

मराठी समीक्षेत १९६० नंतर ज्या शब्दांना संज्ञेची प्रतिष्ठा लाभली, त्यांत 'नकार' हा शब्द अग्रभागी आहे. लघुनियतकालिकांच्या चळवळीचा विचार करताना, दलित साहित्याचे स्वरूप सांगताना, स्त्रीवादी लेखनाचे वेगळेपण नोंदवताना आपण हा शब्द इतक्या सहजतेने वापरतो की, त्याचा अर्थ वेगळा सांगावा अशी गरज कोणाला भासत नाही. 'नकार आणि विद्रोह' हे तर जोडनामच होऊन बसले आहे. पदव्युत्तर परीक्षेत 'दलित कवितेतील नकाराचे स्वरूप स्पष्ट करा' असा प्रश्न विचारला जातो आणि विद्यार्थी ठरलेले उत्तर लिहितात. अशाच एका उत्तरपत्रिकेत काही वर्षांपूर्वी एक वाक्य वाचावयास मिळाले : ज्यांना पाणी नाकारले त्यांनी धर्म नाकारला. वाक्य नेटके होते, आणि त्याला गुणही मिळाले. पण ते मनात राहिले ते नेटकेपणामुळे नव्हे. एकाच वाक्यात एकच क्रियापद दोनदा आले होते, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा नैतिक आशय परस्परविरुद्ध होता. पहिले नाकारणे हा अन्याय होता. दुसरे नाकारणे हे त्या अन्यायाला दिलेले उत्तर होते. भाषेने मात्र दोहोंसाठी एकच शब्द पुढे केला होता.

यातून उद्भवणारा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. जे क्रियापद अन्यायालाही चालते आणि अन्यायाच्या प्रतिकारालाही चालते, त्या क्रियापदाला आपण मूल्यवाचक संज्ञा म्हणून कसे वापरतो? अमुक कवीच्या कवितेत नकार आहे, असे म्हणताना आपण त्या कवितेची थोरवी सांगत असतो. पण नकार तर महाडमध्ये लाठ्या घेऊन उभा राहिलेल्या जमावाच्याही ठायी होता. मग नकाराची नैतिकता नेमकी कशात असते? ती नकारात नसून नकाराच्या संबंधांत असते, आणि हे संबंध मराठी भाषा आपल्या विभक्तिप्रत्ययांतून व नकारवाचक क्रियारूपांतून पुरेशा स्पष्टपणे दाखवते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. समीक्षेने त्या क्रियारूपांचे एक नाम केले आणि त्या नामात हे संबंध हरवले.

२

'नकार' या शब्दाची घडणच बोलकी आहे. अकार, ककार म्हणजे जसे ते ते वर्ण, तसा नकार म्हणजे 'न' हा वर्ण. पुढे 'न' म्हणण्याची कृती. होकार, हुंकार हे शब्दही याच जातीचे आहेत. म्हणजे हे उच्चाराचे नाव आहे, आशयाचे नाही. कोण म्हणाले, कोणाला म्हणाले, कशाविषयी म्हणाले, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. षष्ठी जोडली तर संदिग्धता वाढतेच. 'प्रस्थापितांचा नकार' म्हणजे प्रस्थापितांनी दिलेला नकार की प्रस्थापितांना दिलेला? आपल्या समीक्षेत हा शब्दप्रयोग दोन्ही अर्थांनी येतो, आणि कित्येकदा लिहिणाऱ्यालाही त्यातला कोणता अर्थ अभिप्रेत आहे याचा निर्णय करावा लागत नाही.

मराठीचे नकारवाचक शब्द मात्र असे मोघम नाहीत. 'नाही', 'नव्हे', 'नको', 'नये' या चार रूपांकडे पाहावे. न्यायवैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानून त्याचे प्रकार सांगितले. भूतलावर घट नाही, हा संसर्गाचा अभाव. घट हा पट नव्हे, हा अन्योन्याभाव, म्हणजे तादात्म्याचा अभाव. मराठीने हा भेद दोन वेगळ्या क्रियारूपांत ठेवला आहे. घरात पाणी नाही. हे पाणी नव्हे. पहिल्या वाक्यात वस्तूचे असणे नाकारले आहे, दुसऱ्यात वस्तूची ओळख. आजच्या बोलीत 'नाही'ने 'नव्हे'ची पुष्कळशी जागा व्यापली असली, तरी विचाराच्या दृष्टीने हा भेद टिकविण्याजोगा आहे. नैयायिकांचे आणखी एक सांगणे येथे उपयोगी पडते. प्रत्येक अभावाला प्रतियोगी असतो, म्हणजे ज्याचा अभाव ती वस्तू. आणि अधिकरण असते, म्हणजे जेथे अभाव ते स्थान. नुसता अभाव असे काही असू शकत नाही. नुसता नकारही असू शकत नाही, हे समीक्षेने त्यांच्याकडून घ्यावयास हवे.

'नको' आणि 'नये' यांचा प्रदेश वेगळा आहे. तेथे वस्तूच्या असण्यानसण्याचा प्रश्न नसून इच्छेचा आणि कर्तव्याचा प्रश्न आहे. 'मला नको' या वाक्यात बोलणारा चतुर्थीने उपस्थित असतो. नकोसे वाटणे त्याचे आहे आणि ते तो स्वतःकडे घेतो. 'असे करू नये' या वाक्यात मात्र सांगणारा कोठेच दिसत नाही. विधी पुरुषाला प्रवृत्त करतो आणि निषेध त्याला निवृत्त करतो, असे मीमांसक म्हणतात. निवृत्त करणारा कोण, हे 'नये' सांगत नाही, आणि म्हणूनच त्याला रूढीचे वजन प्राप्त होते. मी तुला येऊ देत नाही, असे म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. येऊ नये, असे म्हणणारा वादाच्या टप्प्यातच येत नाही. कारण तो स्वतः बोलतच नसतो, त्याच्या मुखातून शास्त्र बोलते किंवा वहिवाट बोलते. नकार जितका कठोर, तितका नाकारणारा वाक्यातून अदृश्य, असा एक क्रम येथे दिसतो. त्याचा नैतिक अर्थ उघड आहे.

३

आता उत्तरपत्रिकेतील त्या वाक्याकडे वळू. 'ज्यांना पाणी नाकारले' येथे चतुर्थी आहे; 'त्यांनी धर्म नाकारला' येथे तृतीया. 'ना' आणि 'नी' या दोन प्रत्ययांत सारा फरक साठलेला आहे. चतुर्थीतील माणसाला नकार सोसावा लागतो, तृतीयेतील माणूस तो करतो. एखादा समाज चतुर्थीतून तृतीयेत कसा येतो, हा खरे तर १९२७ च्या महाड सत्याग्रहाचा विषय आहे.

पण येथे थोडे थांबावयास हवे, कारण चतुर्थीच्या वाक्यातही एक फसवणूक आहे. चतुर्थीचा कारकार्थ संप्रदान. ज्याला द्यावयाचे तो संप्रदान, आणि देणारा त्या वस्तूचा स्वामी, हे त्यात गृहीत असते. अमक्याला पाणी नाकारले असे म्हणताना, पाणी नाकारणाऱ्याचे होते आणि ते देणे वा न देणे त्याच्या मर्जीवर होते, हे आपण नकळत मान्य करून बसतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्यावर गेले ते कोणाकडे पाणी मागण्यासाठी गेले नव्हते. जे सर्वांचे होते ते घेण्यासाठी गेले होते. तेव्हा त्यांना पाणी नाकारले, असे म्हणण्याऐवजी त्यांची वाट अडवली, असे म्हणणे अधिक नेमके होईल. नगरपालिकेने पुढे आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने लागला. सवर्णांना लोकांना तळ्यापासून दूर ठेवण्याचा हक्क नव्हता, असाच त्या निर्णयाचा अर्थ होतो. म्हणजे जे नाकारण्याचा अधिकारच नव्हता ते त्यांनी नाकारले होते.

नकारवाचक क्रियापदांची मराठीतील यादी या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. अर्ज फेटाळला जातो, मागणी नामंजूर होते. येथे नाकारणारा अधिकारपदावर असतो. आरोपी आरोपाचा इन्कार करतो. येथे तो अधिकाराच्या समोर उभा असतो. झिडकारणे माणसाच्या अंगावर येते, धुडकावण्यात बेपर्वाई असते, धिक्कारण्यात नैतिक भूमिका असते. अव्हेरणे हा शब्द तर समोरचा काही आशा धरून जवळ आला होता, हे सुचवल्यावाचून वापरताच येत नाही. प्रत्येक क्रियापदात दोन माणसे उभी आहेत आणि त्यांच्यातील उंचीचे अंतर ठरलेले आहे. 'नकार' या नामात मात्र दोन्ही माणसे दिसेनाशी होतात आणि अंतरही पुसले जाते.

४

नकार वाक्यात असतो तसा नावातही असतो. 'अब्राह्मणाला आण' असे म्हटल्यास ऐकणारा मातीचे ढेकूळ आणत नाही. ब्राह्मणासारखाच, पण ब्राह्मण नसलेला माणूस आणतो, असे विवेचन पतंजलीच्या महाभाष्यात नञ् समासाच्या संदर्भात आले आहे. हा पर्युदास. यात नकार क्रियेला न लागता नामाला लागतो, आणि त्यातून एक वर्ग तयार होतो. क्रियेला लागणारा नकार प्रसज्यप्रतिषेध. तो एखादी गोष्ट होऊ पाहत असताना तिला थांबवतो आणि तेथेच संपतो. पर्युदास संपत नाही. तो नाव होऊन माणसाला चिकटतो.

'अस्पृश्य' हा शब्द या प्रकाशात पाहिला तर त्याचे कार्य ध्यानात येते. मी याला स्पर्श करणार नाही, हा मूळ नकार कोणा एकाच्या इच्छेचा होता. तो 'याला स्पर्श करू नये' असा निषेध झाला, तेव्हा इच्छा करणारा नाहीसा झाला. तो 'अस्पृश्य' असे विशेषण झाला, तेव्हा निषेधही नाहीसा झाला. उरला तो केवळ एका माणसाचा जणू अंगभूत गुणधर्म. नाकारणाऱ्याचे कृत्य नाकारलेल्याचे लक्षण बनले. असा प्रवास पूर्ण झाल्यावर अन्याय करणाऱ्याला आपण काही करतो आहोत याचीही जाणीव उरत नाही.

आंबेडकरांनी आपल्या संस्थेसाठी आणि वृत्तपत्रासाठी 'बहिष्कृत' हा शब्द निवडला. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची. 'बहिष्कृत भारत' १९२७ चे. 'बहिष्कृत' हे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित आहे. बहिष्कृत म्हटले की, कोणी बहिष्कृत केले, असा प्रश्न व्याकरणच विचारते. जे लक्षण म्हणून लादले होते ते पुन्हा कृत्य म्हणून दाखवले गेले आणि कर्त्याची रिकामी जागा डोळ्यांना दिसू लागली. पुढे रूढ झालेला 'दलित' हा शब्दही याच घडणीचा आहे, आणि त्यात तर 'अ' किंवा 'न' यांचा मागमूसही नाही. ज्या साहित्याला आपण नकाराचे साहित्य म्हणतो, त्याने स्वतःसाठी घेतलेले नाव व्याकरणदृष्ट्या होकारात्मक आहे, याची नोंद आपल्या समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही. त्या साहित्याचा नकार हा पहिला नकार नाहीच. आधी झालेल्या नकाराचा तो प्रतिषेध आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा राज्यसंस्थेनेही हेच केले; एका नकाराला कायद्याने नाकारले.

५

येथून 'नको'चा प्रश्न उपस्थित होतो. 'नको' म्हणण्यासाठी आधी कोणीतरी काही देऊ केलेले असावे लागते. ज्याला ताटावर बोलावलेच नाही, त्याला जेवण नको म्हणता येत नाही. हे मान्य केले तर समीक्षेतील नकारांची प्रतवारी आपोआप लागते. १९६० च्या दशकातील लघुनियतकालिकांच्या लेखकांपैकी पुष्कळांना प्रतिष्ठित मासिकांची दारे पूर्णपणे बंद नव्हती. त्यांनी ती वाट नको म्हटली. त्यात धाडस नव्हते असे नव्हे. मिळू शकणारी प्रतिष्ठा सोडणे ही लहान गोष्ट नाही, आणि मराठी गद्यपद्याला त्यामुळे नवी भाषा मिळाली. परंतु 'नको' म्हणण्याची सोय असणे हाही एक अधिकार आहे. तो ज्याला नव्हता त्याचा नकार याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर मांडणे, हा विचाराचा आळस आहे.

'नको'चे सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्याकडे १८८५ सालचे आहे. पुण्यात भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीराव फुल्यांना पाठवले. जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले. माणसांचे हक्क जे खुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. येथे देऊ करणारा आहे, देऊ केलेली वस्तू आहे, नाकारणारा आहे, आणि नाकारण्याचे कारणही आहे. निमंत्रण सन्मानाचे होते, आणि ते स्वीकारण्याने व्यक्तिशः त्यांचे काही बिघडले नसते. तरीही त्यांनी ते नाकारले, कारण निमंत्रण एकट्याला होते आणि नकार मात्र ज्यांना निमंत्रण येणे शक्यच नव्हते अशांच्या वतीने होता. 'नको' म्हणता येणाऱ्याने, 'नको' म्हणता न येणाऱ्यांची बाजू घेऊन म्हटलेले हे 'नको' आहे. त्याचे नैतिक मोल येथे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्याला काहीच देऊ केले गेले नाही त्याला नकारच उरत नाही, असे म्हटले तर पीडितांच्या हाती काय राहिले? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर येवला ते नागपूर या प्रवासात आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धर्मांतर केले. मध्ये एकवीस वर्षे गेली. नागपूरला त्यांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची रचना पाहावी. पहिल्या आठ प्रतिज्ञा नाकारण्याच्या आहेत. नवव्या प्रतिज्ञेत समता येते. आणि जुन्या धर्माचा त्याग व नव्याचा स्वीकार एकोणिसाव्या प्रतिज्ञेत एकत्र येतात. नाकारण्याची वाक्ये प्रामुख्याने 'मानणार नाही', 'करणार नाही' अशा रूपाची आहेत. 'मानत नाही' आणि 'मानणार नाही' यांतील अंतर मोलाचे आहे. 'मानत नाही' हे स्थितीचे वर्णन आहे. 'मानणार नाही' हा संकल्प आहे, आणि संकल्पाला कर्ता लागतो. देवळाचे दार ज्याला कधी उघडलेच नव्हते, त्याच्याजवळ 'नको' म्हणण्यासाठी देऊ केलेली वस्तू नव्हती. पण आपले मन होते, आणि त्या मनात शतकानुशतके रुजवलेली श्रद्धा होती. ती त्याची स्वतःची होती, आणि म्हणून ती नाकारण्याचा अधिकारही त्याचाच होता. बाहेरचे काहीही हाती नसलेल्या माणसाला आतले काही नाकारता येते, आणि तेथे तो तृतीयेत येतो.

अर्थात 'त्यांनी नाकारले' हे अनेकवचनही तपासून घ्यावे लागते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमचं'मध्ये सवर्णांकडून होणारा जाच आहे, आणि घरातल्या घरात सुनांचा होणारा छळही आहे. समाज ज्या क्षणी तृतीयेत आला त्या क्षणी त्यातील प्रत्येक स्त्री तृतीयेत आली, असे नाही. समूहाचा नकार गौरवताना, त्या समूहात कोणाचे 'नको' ऐकले गेले नाही, हा प्रश्न 'नकार' या नामामुळे झाकला जातो.

६

शेवटी समीक्षेच्या स्वतःच्या नकाराविषयी. समीक्षकाचे आवडते नकारवाचक रूप 'नव्हे' हे आहे. हे साहित्य नव्हे. ही कविता नव्हे, घोषणा आहे. हे आत्मचरित्र नव्हे, सामाजिक दस्तऐवज आहे. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) यांसारख्या स्वकथनांविषयीच्या चर्चेत अशा धाटणीचे आक्षेप आपण पुष्कळ ऐकले. 'नव्हे' अन्योन्याभाव सांगते, म्हणजे दोन गोष्टींची ओळख एक नाही असे सांगते. त्यासाठी साहित्य म्हणजे काय हे आधी निश्चित असावे लागते. ते कोणी निश्चित केले, हे मात्र वाक्यात येत नाही. 'येऊ नये' आणि 'साहित्य नव्हे' या दोन वाक्यांत कर्त्याचे लपणे सारखेच आहे. दोन्ही वाक्यांचे परिणाम सारखे आहेत असे मला म्हणावयाचे नाही. तळे आणि वाङ्मयेतिहास यांत फरक आहे. पण सवय एकच आहे, आणि सुशिक्षितांची असल्यामुळे ती अधिक काळ टिकते.

याला पर्याय नाही असे नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत, या जगाशी आणि त्याच्या शब्दांशी आपली ओळख नसल्याचे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. 'मला हे ठाऊक नाही' हाही नकारच आहे. पण त्यात चतुर्थीत उभा असलेला माणूस स्वतः समीक्षक आहे. उणीव तो आपल्याकडे घेतो, कवितेच्या माथी मारत नाही. अशा कबुलीने न्यायनिवाडा टळत नाही. उलट, निवाडा करणारा कोठे उभा आहे हे कळल्यामुळे तो तपासता येतो. मला ही कविता भावली नाही, असे म्हणणाऱ्याशी बोलता येते. ही कविता नव्हे, असे म्हणणाऱ्याला केवळ मानता येते किंवा सोडून देता येते.

समीक्षकाने नाकारूच नये, असा याचा अर्थ नाही. वाईट पुस्तकाला वाईट म्हणणे हे त्याचे कामच आहे, आणि नकाराचे कौतुक करण्याची प्रथा पडलेल्या काळात तर एखाद्या फसव्या नकारालाही नकार द्यावा लागतो. अपेक्षा इतकीच की, त्याने आपला नकार विभक्तीसह लिहावा. कोणी नाकारले, कोणाला नाकारले, काय नाकारले, आणि जे नाकारले ते नाकारणाऱ्याचे होते काय, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या विधानात नाहीत ते विधान समीक्षेचे नव्हे, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो मोह आवरून एवढेच म्हणतो की, मला ते विधान पुरेसे वाटत नाही. प्रश्नपत्रिकेतील तो प्रश्नही यापुढे 'दलित कवितेत कोणाचा, कोणाला दिलेला व कशाविषयीचा नकार आहे?' असा विचारावा. उत्तर लिहिणे थोडे कठीण जाईल, तपासणेही.